पाठीवरचे मूल

ग्वाल्हेरीच्या फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, हे इकडे कधी न आलेल्या वाचकांसही ठाऊक असेल. दर वर्षी जून महिन्यात तेथे मेळा भरतो. उन्हाचा कहर असतो, पावसाची नुसती वार्ता असते, आणि तरीही माणसे येतात. इंग्रजांच्या कागदांत राणीच्या मृत्यूची तारीख १७ जून १८५८ अशी आहे. आमचे गाव १८ जून पाळते. या एका दिवसाच्या फरकावरून आमच्या बाररूममध्ये वर्षातून एकदा तरी वाद होतो, आणि वकिलांच्या बहुतेक वादांप्रमाणे तोही चहा संपला की तहकूब होतो.

आमच्या लष्करातल्या जुन्या घरी, माजघरात, घोड्यावर बसलेल्या राणीचे एक चित्र होते. उगारलेली तलवार, दोन्ही पाय उचललेला घोडा आणि पाठीशी बांधलेला मुलगा. मोठी माणसे राणीकडे पाहून हात जोडीत. आम्ही पाहत असू त्या मुलाकडे, कारण आमचे वय तेव्हा त्याच्याएवढेच होते. त्याला भूक लागत असेल काय, झोप आली तर तो काय करीत असेल, असले आमचे प्रश्न. चित्रकाराने त्याच्या तोंडावर कसलाच भाव काढला नव्हता. चित्रातला घोडा कायमचा उधळलेला आणि मूल कायमचे बांधलेले. पुढे ते मूल कोणी सोडले आणि कोठे नेले, हे त्या चित्रात नव्हते. शाळेच्या पुस्तकातही नव्हते. राणी धारातीर्थी पडली की धडा संपे.

पुढे वकिलीत पडल्यावर हा मुलगा आम्हांस पुन्हा भेटला, तो कायद्याच्या वाटेने. त्याचे मूळचे नाव आनंदराव. रत्नागिरीकडून उत्तरेत गेलेल्या नेवाळकर घराण्यातल्या वासुदेवरावांचा तो मुलगा. २० नोव्हेंबर १८५३ रोजी मरणासन्न गंगाधररावांनी त्यास दत्तक घेतले, दामोदरराव हे नाव दिले, आणि दुसऱ्याच दिवशी देह ठेवला. पाच वर्षांचेही धड नसलेले ते पोर एका रात्रीत राजाचा मुलगा झाले आणि सकाळी पोरके झाले. डलहौसीसाहेबांनी १८५४ च्या प्रारंभी संस्थान खालसा केले. त्यांचा निवाडा असा की, दत्तविधान खाजगी मालमत्तेपुरते आणि धर्मकृत्यांपुरते खरे; राज्यापुरते नव्हे. म्हणजे पिंड द्यावयास हा मुलगा, गादीवर बसावयास नव्हे. आमच्या व्यवसायात पुष्कळ चतुर निकाल वाचावयास मिळतात. त्यांतही हा विसरता येत नाही.

राणीने या निवाड्याविरुद्ध जॉन लँग नावाच्या वकिलाचा सल्ला घेतला. हा गृहस्थ ऑस्ट्रेलियात जन्मलेला आणि हिंदुस्थानात कंपनीच्या विरुद्ध खटले लढवून नावारूपास आलेला. १८५४ साली तो झांशीस आला. राणी पडद्याआडून बोलत होती. एकाएकी लहानग्या दामोदराने पडदा बाजूस ओढला आणि वकीलसाहेबांस पक्षकाराचे क्षणभर दर्शन घडले. लँगने हे स्वतः लिहून ठेविले आहे. या मुलाने आपल्या इच्छेने केलेली, आम्हांस ठाऊक असलेली, ही पहिली आणि जवळजवळ शेवटची गोष्ट. यापुढचे सारे इतरांनी त्याच्यासाठी केले, किंवा त्याचे केले.

४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी झांशीच्या किल्ल्यातून निघाली ती त्याला पाठीशी बांधून. चित्रातला प्रसंग हाच. दुसऱ्या दिवशी भांडेरास ती थांबली, आणि बाउकर नावाचा इंग्रज अधिकारी पाठलाग करीत तेथे पोहोचला, तेव्हा त्यास तंबूत अर्धवट राहिलेली न्याहारी दिसली. रात्रभर दौड केल्यानंतर पोराला काही खावयास घालावे म्हणूनच हा मुक्काम झाला असला पाहिजे, असे आम्हांस वाटते. इतिहासकार तलवारीचे वार मोजतात. त्या अर्धवट न्याहारीत आम्हांस त्या बाईचे आईपण अधिक दिसते.

त्यानंतर काल्पी पडली आणि मंडळी ग्वाल्हेरीस आली. १ जून रोजी शिंद्यांची फौज फितली, महाराज जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्यास निघून गेले, आणि लष्करात पेशव्यांच्या नावाने मेजवान्या झडल्या. सतराव्या दिवशी कोट्याच्या सराईजवळ राणी पडली. बाबा गंगादासांच्या मठाजवळ घाईघाईने अग्नी दिला गेला. तिला वीसपासून तीसपर्यंत कोणते वर्ष होते, यावर विद्वानांत वाद आहे. ती तरुण होती यावर नाही. परंपरा सांगते की तिने अखेरीस मूल रामचंद्रराव देशमुखांच्या स्वाधीन केले.

आणि येथून आमच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते.

यशवंत नरसिंह केळकरांच्या ‘इतिहासाच्या सहली’ या १९५९ सालच्या पुस्तकात दामोदररावांच्या म्हणून काही आठवणी छापल्या आहेत. वकील या नात्याने आम्हांस प्रथमच सांगितले पाहिजे की, हा पुरावा ऐकीव स्वरूपाचा आहे. घराण्यात आणि भोवती फिरत असलेल्या गोष्टी कोणी एकत्र केल्या असाव्यात, असे अभ्यासकांस वाटते. न्यायालयात आम्ही त्यास हरकत घेतली असती. तथापि त्यांतल्या तपशिलांस जो वास आहे, तो वीरकथेचा नाही, गरजेचा आहे. म्हणून त्या आम्हांस सोडवत नाहीत.

त्या आठवणींप्रमाणे देशमुख, रघुनाथसिंह आणि नन्हेखान रिसालदार यांच्यासह सुमारे साठ माणसे मुलाला घेऊन बुंदेलखंडाकडे निघाली. इंग्रजांच्या धाकाने कोणी गावात घेईना. चंदेरी-ललितपुराकडच्या रानात, बेतवेच्या काठी, त्यांनी पावसाळा काढला. एका गावच्या मुख्याने महिन्याला पाचशे रुपये, काही घोडे आणि उंट घेऊन त्यांचा ठावठिकाणा न सांगण्याचे कबूल केले. एवढ्या माणसांचा तळ लपत नाही, म्हणून गटागटांनी त्यांनी फाटाफूट केली. मूल आजारी पडले. पैसा संपत आला तशी राणीची अखेरची आठवण म्हणून राहिलेली सोन्याची तोडी मोडावी लागली. दोन वर्षे अशी गेल्यावर नन्हेखानाने इंग्रज अधिकाऱ्यांकडे संधान बांधले, आणि १८६० च्या मे महिन्यात मुलाला इंदूरास कर्नल शेक्सपियर यांच्या हवाली करण्यात आले.

या हकीकतीत एकही लढाई नाही. आहे ते एवढेच: मूल जगले पाहिजे. देशमुख ब्राह्मण, रघुनाथसिंह राजपूत आणि नन्हेखान मुसलमान; या तिघांस एकत्र बांधणारे राज्य उरले नव्हते, पगार उरला नव्हता, जिंकण्याची आशा तर मुळीच नव्हती. पाचशे रुपये घेणारा तो मुख्याही आम्हांस वाईट वाटत नाही. त्याने पैसे घेतले आणि शब्द पाळला. त्याच दिवसांत फुकट खबर देऊन बक्षीस मिळविणारे थोडे नव्हते.

आता आमच्या घरचे. आमचे पूर्वज शिंदेशाहीत कारकून होते. दिनकररावांच्या शिस्तीत तयार झालेली ती पिढी. आमची आजी एक गोष्ट सांगे, आणि ती नेहमी दिवेलागणीनंतर, आवाज खाली आणून सांगे. त्या जूनमध्ये तीन दिवस आमच्या वाड्याच्या दिंडीला अडसर होता. दुसऱ्या रात्री कोणी कडी वाजविली. बाईचा आवाज होता. मुलासाठी दूध मागत होती. आत गाय व्यालेली होती. घरातले कर्ते पुरुष अडसराला हात लावून उभे राहिले, आणि थोड्या वेळाने आवाज बंद झाला. ती बाई कोण, मूल कोणाचे, हे कोणास कळले नाही. लढाईने उठलेल्या शेकडो घरांपैकी ते एक असणार. आजीला ही गोष्ट तिच्या सासूने शहाणपणाचा दाखला म्हणून सांगितली होती: पाहा, कर्त्या पुरुषाने दार उघडले नाही म्हणून घर वाचले. आजीने मात्र ती आम्हांस कोणताही बोध न जोडता सांगितली. सांगून झाल्यावर ती काही वेळ गप्प बसे.

घर वाचले हे खरेच आहे. त्यामुळेच आम्ही आहोत आणि हे लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे हॉलंडास जाण्याचा योग आला, तेव्हा आम्स्टरडाममध्ये एका रुंद रस्त्यावर ही आजीची गोष्ट आम्हांस अवचित आठवली. त्या रस्त्यावर एक जुने नाटकगृह आहे. १९४२-४३ साली जर्मनांनी ज्यू कुटुंबांस पकडून तेथे कोंडले आणि तेथून मृत्युछावण्यांकडे पाठविले. मुलांची रड नको म्हणून लहान मुले समोरच्या पाळणाघरात ठेवीत. पाळणाघराच्या प्रमुख होत्या हेन्रिएट पिमेंटेल. नाटकगृहाची व्यवस्था जर्मनांनी वाल्टर झ्युस्किंट या ज्यू गृहस्थाकडे सोपविली होती, आणि हा गृहस्थ आईबापांच्या संमतीने मुलांची नावे नोंदींतून नाहीशी करीत होता. दारावरच्या पहारेकऱ्याच्या आणि पाळणाघराच्या मध्ये ट्राम येऊन उभी राहिली की तेवढ्या क्षणात दाया मूल घेऊन बाहेर पडत. तान्ही मुले पिशव्यांतून, टोपल्यांतून जात. काही शेजारच्या अध्यापक विद्यालयातून जात, कारण तेथले प्राचार्य योहान फान हुल्स्ट त्यांस सामील होते. पुढे ती मुले घेऊन आगगाडीने दूरच्या खेड्यांपर्यंत जाणारे बहुतेक विशीतले विद्यार्थी आणि विद्यार्थिनी होत्या. अशी सुमारे 600 मुले वाचली. पिमेंटेल १९४३ साली ऑश्विट्झला मारल्या गेल्या. झ्युस्किंट १९४५ साली मरण पावला.

या तरुणांच्या एका टोळीने स्वतःस ‘एन. व्ही.’ असे नाव घेतले होते. तिकडे मर्यादित कंपनीच्या नावापुढे ही अक्षरे लावतात, आणि त्यांचा शब्दशः अर्थ ‘नाव नसलेली भागीदारी’ असा होतो. कायद्याच्या पदवीधरास हा विनोद कळावा यात नवल नाही. आम्हांस तो विनोदापलीकडेही आवडला. या बेनाम भागीदारीने दोनशेहून अधिक मुले लपविली. तिच्या संस्थापकांपैकी याप मुश याचा १९४४ साली जर्मनांनी बळी घेतला. उत्रेख्तच्या विद्यार्थ्यांस मुलांच्या पोटापाण्यासाठी पैसा हवा होता. तेव्हा मृत्यूच्या वाटेवरील अठरा कैद्यांवरची एक कविता चोरून छापण्यात आली आणि तिच्या विक्रीतून तो उभा राहिला. बेतवेकाठी सोन्याची तोडी, तेथे कविता. मूल लपवावयाचे तर महिन्याच्या महिन्यास पैसा लागतोच. आमच्या गोमंतकीय वाचकांस भूमिगतांच्या या गरजा समजावून सांगावयास नकोत. १९५५ पासून १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोन तरुणांनी सीमेवरच्या रानात राहून गोवामुक्तीचे नभोवाणी केंद्र चालविले, तेव्हा त्यांचीही लढाई रोजच्या रोज अशाच गोष्टींशी होती.

हॉलंडातले आणखी एक नाव आमच्या मनात घर करून आहे. लाउ माझिरेल ही आमच्याच व्यवसायातली, तेव्हा पस्तिशीतली वकील. तिने मुले लपविण्यास हातभार लावला, आणि मार्च १९४३ मध्ये आम्स्टरडामच्या लोकसंख्या-दफ्तरावर जो स्फोटक हल्ला झाला त्याच्या आखणीतही ती होती. दफ्तर का, तर तेथल्या कारकुनांनी ते फार चोख ठेविले होते. कोण ज्यू, कोणत्या घरात, कितव्या मजल्यावर, सारे कार्डावर. त्या चोख दफ्तराच्या आधारे हॉलंडातल्या सुमारे एक लक्ष चाळीस हजार ज्यूंपैकी एक लक्षाहून अधिक मारले गेले. आम्ही कारकुनांचे वंशज आणि कागदांवर जगणारे वकील. ते वाचून आम्हांस आपल्या चोखपणाचा अभिमान पूर्वीइतका वाटेनासा झाला.

परंतु वाचविण्याची कथा वाचविण्यापाशी संपत नाही. युद्धानंतर सुमारे दोन हजार ज्यू मुले अशी उरली की ज्यांचे आईबाप परतले नाहीत. ही मुले कोणाची? लपविणाऱ्या कुटुंबाची की आपल्या समाजाची? ऑगस्ट १९४५ च्या हुकुमाने एक महिन्याची मुदत घातली; तेवढ्यात जो बाप किंवा जी आई पुढे येणार नाही, त्यांचे पालकत्व जाईल. छावणीतून परतणाऱ्या माणसास एक महिना! या प्रश्नासाठी नेमलेल्या आयोगाची अध्यक्षा खेझिना फान डर मोलन ही कायद्याची डॉक्टर, आणि युद्धात मुले वाचविणाऱ्यांपैकी स्वतः एक. तिचा कल मुले जेथे रुजली तेथेच ठेवण्याकडे होता. आयोगातल्या ज्यू सभासदांशी तिचे तीव्र मतभेद झाले. दोन्ही बाजू मुलाच्या कल्याणाचेच नाव घेत होत्या. ज्या हातांनी मूल मृत्यूपासून सोडविले, त्याच हातांनी ते त्याच्या माणसांपासून तोडले असे म्हणणारे आजही आहेत.

दामोदररावांचेही असेच झाले. गंगाधररावांच्या खजिन्यातले सुमारे सहा लाख रुपये कंपनीने या मुलाच्या नावे, तो वयात येईपर्यंत, ठेव म्हणून ठेविले होते. त्यांतून मुंजीसाठी एक लाख काढावयास राणीस जामीन द्यावे लागले होते. बंडानंतर ती ठेव त्यास मिळाली नाही. सरकारने बांधून दिलेल्या नेमणुकीवर, मोजक्या माणसांनिशी, देखरेखीखाली तो इंदूरास वाढला, आणि १९०६ साली तेथेच वारला. मराठी कायद्याच्या भाषेत अल्पवयीनास ‘अज्ञान’ म्हणतात. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘अ. पा. क.’ ही अक्षरे वाचकांनी पाहिली असतील: अज्ञान पालनकर्ता. या शब्दाकडे आम्ही वीस वर्षे नुसती संज्ञा म्हणून पाहत आलो. अज्ञान कोण, असा प्रश्न आम्हांस एकदाच पडला, आणि तो दिवस सांगितल्याविना हा लेख पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एक प्रकरण आमच्याकडे आले. आठ वर्षांच्या एका मुलाची आई वारली; बाप आधीच परागंदा. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी त्यास अकरा महिने सांभाळले. मग चुलत्यांस त्याची आठवण झाली. आठवण होण्यास आईच्या नावावरचे घर कारण होते, हे आम्हांस पुढे कळले, की तेव्हाच कळले होते, हे आता शपथेवर सांगवत नाही. आम्ही चुलत्यांतर्फे उभे राहिलो. बाईंचे नाते काहीच नव्हते, आमच्या बाजूस रक्त होते. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा म्हणतो की मूल समजूतदार असेल तर त्याचे मत न्यायालयास विचारात घेता येते. प्रतिपक्षाने तशी विनंती केली. आम्ही विरोध केला: मूल आठ वर्षांचे आहे, ते शिकविलेले बोलेल. आमचा युक्तिवाद मान्य झाला. मुलास कोणी काही विचारले नाही, आणि आम्ही जिंकलो.

बाहेर ओसरीत मूल बाईंच्या पाठीला लोंबकळले होते. आमच्या मुनशीने ते उतरविले. ते रडले नाही. एक हात सोडविला की दुसरा घट्ट होई. मुनशीला दोनदा तसे करावे लागले. त्या दिवशी आमचे लक्ष फीच्या हिशेबात होते, असे सांगून सुटता आले असते. परंतु आम्ही ते सारे नीट पाहिले, आणि घरी जाऊन जेवलो. पुढे मुलास दूरच्या एका वसतिगृहात ठेविले असे कानावर आले. आम्ही चौकशी केली नाही. आमच्या वाड्याच्या दिंडीचा अडसर कधीच काढून टाकला आहे. पण त्याला हात लावून उभे राहण्याची रीत आमच्या हातांत उतरली असली पाहिजे.

त्यानंतर अज्ञानाच्या ताब्याच्या प्रकरणात आम्ही एकच नियम पाळतो: कोणत्याही बाजूने उभे असलो, तरी मुलाशी न्यायाधीशांनी बोलावे अशी विनंती आम्ही स्वतः करतो. त्यामुळे दोन पक्षकार गेले. यात त्याग वगैरे काही नाही. त्या मुलाला त्याचा उपयोग नाही, हेही आम्ही जाणतो.

यंदाच्या जूनमध्ये संध्याकाळी आम्ही समाधीकडे गेलो होतो. शाळेतल्या मुलींची मिरवणूक निघाली होती. पुढे राणीच्या वेषातली दहाएक वर्षांची मुलगी होती. हातात पुठ्ठ्याची तलवार, पाठीशी ओढणीने बांधलेली कापडी बाहुली. गाठ सैल पडली होती आणि बाहुली हळूहळू घसरत होती. राणीचे तिकडे लक्ष नव्हते. ती तलवार सांभाळीत ताठ चालली होती. तिच्या मागोमाग एक लहान मुलगा चालत होता, बहुधा भाऊ असावा. त्याला वेष नव्हता, हातात झेंडाही नव्हता. एका हाताने त्याने बाहुली खालून उचलून धरली होती. हात दुखू लागला की तो हात बदली. समाधीपर्यंतची सारी वाट तो असाच चालला; लोक टाळ्या वाजवीत होते, छायाचित्रे काढीत होते, आणि तो कोणाकडेच पाहत नव्हता.